काळ्या मृत्यूआधीची भूक

प्लेगने राव पाहिला नाही की रंक, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लंडनच्या टॉवरजवळचं ईस्ट स्मिथफील्डचं दफनस्थान वेगळंच सांगतं. 1348-50च्या साथीतल्या, म्हणजेच काळ्या मृत्यूतल्या, मृतांची ही जागा. चरांमध्ये कुठेकुठे पाच-पाच थर पुरलेले. हे सांगाडे 1980च्या दशकात बाहेर काढले गेले आणि त्यांच्याच दातांतून 2011मध्ये प्लेगच्या जिवाणूचा जनुकसंच वाचता आला.

त्याच दातांवर बाहेरून आडव्या रेघाही दिसतात. कोवळ्या वयात मूल उपाशी राहिलं किंवा फार आजारी पडलं, की हिरडीच्या आत घडणाऱ्या दाताचं एनॅमल नीट बसत नाही, तिथे खाच पडते. हाड झिजतं आणि पुन्हा भरतं, एनॅमलची खाच मात्र कधीच भरून येत नाही. मानवशास्त्रज्ञ शॅरन डीविट यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला, तेव्हा अशा खुणा असलेल्यांना प्लेगने जास्त गाठलं होतं असं दिसलं. धडधाकट माणसंही गेली, पण आधीच खंगलेली अधिक.

खंगायला कारणं होती. 1315पासून उत्तर युरोपात पाऊस हटेना. उभं पीक कुजलं. खारं पाणी आटेना, म्हणून मांस टिकवायला मीठही मिळेना. पाठोपाठ गुरांवर रोग आला. दूध गेलं, नांगराचे बैल गेले. एरवीसुद्धा गरिबाच्या पोटात काय पडायचं, तर जवाचा किंवा रायचा जाडाभरडा पाव आणि वाटाणे-कोबीचं पातळ कालवण. त्या दुष्काळातलं रांगतं मूल 1348मध्ये तिशीच्या घरात होतं.

साथीनंतर मजूर मिळेनासे झाले आणि जेवण पालटलं. नॉरफोकमधल्या सेजफर्डचे हिशेब त्याचा पुरावा आहेत. तेराव्या शतकात तिथल्या कापणीच्या मजुरांना मुख्यतः जवाचा पाव, चीज आणि मासे मिळत, मांस नावापुरतं. पंधराव्या शतकात त्याच कामावर गव्हाचा पाव, भरपूर एल (एक प्रकारची बिअर) आणि ताजं मांस आलं. साथीनंतरच्या लंडनकरांच्या सांगाड्यांत म्हातारी माणसंही जास्त सापडतात.

हे सुख सहज मिळालं नाही. मजुरीचे दर साथीआधीच्या पातळीवर बांधून ठेवणारा कायदा इंग्लंडमध्ये 1351 साली झाला. 1363च्या कायद्याने तर नोकरांचं ताटच आखून दिलं: मांस किंवा मासे दिवसातून एकदाच, बाकी दूध, लोणी, चीज. तो फार काळ टिकला नाही. मजुरांना आता दुसऱ्या गावात जास्त पैसे मिळत होते.