खाडी, पुळण आणि पडके कोट : चौल-रेवदंड्याची ओळख

स्थान

रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या उत्तर तीरावर चौल आणि रेवदंडा ही गावे एकमेकांना लागून वसली आहेत. दक्षिणेला, खाडीच्या पलीकडे, कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला आहे. सातवाहनकालीन बंदराचे अवशेष, जुनी मंदिरे, निजामशाही आणि पोर्तुगीज बांधकामे व लांबलचक पुळण हे सारे थोडक्या परिसरात एकवटले आहे. ही ओळख यवतमाळहून येणाऱ्या प्रवाशासाठी आहे. यवतमाळ जिल्ह्याचे पाणी वर्धा आणि पैनगंगेवाटे गोदावरीला मिळून पूर्व समुद्राला जाते. त्यामुळे तिथल्या प्रवाशाला पश्चिम किनारा सर्वस्वी अनोळखी असतो. असे प्रवासी बहुधा अलिबागची पुळण पाहून माघारी वळतात. त्यापुढचे सतरा-अठरा किलोमीटर मात्र संपूर्ण सहलीतले सर्वांत मोलाचे आहेत.

भूमध्य किनाऱ्याशी तुलना

प्राचीन अवशेष आणि समुद्रस्नान यांची सांगड म्हटली की भूमध्य समुद्राकाठची गावे डोळ्यांसमोर येतात. तुर्कस्तानातील सिदे येथे अपोलोच्या मंदिराचे संगमरवरी स्तंभ अगदी पाण्याच्या कडेला उभे आहेत, आणि रोमन नाट्यगृहापासून पुळण हाकेच्या अंतरावर आहे. कोकणात असे दृश्य क्वचितच दिसते. त्याचे कारण समुद्राच्या स्वभावात आहे. भूमध्य समुद्र महासागराशी जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीनेच जोडलेला असल्यामुळे तिथे भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरांचाच असतो. पाण्याची पातळी जवळपास स्थिर राहिल्यामुळे धक्के, मंदिरे आणि बाजार थेट काठावर बांधता आले. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरांच्या घरात जातो. शिवाय पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा उघडा किनारा झोडपून काढतात. म्हणून कोकणातील जुनी बंदरे समुद्रावर नव्हे, तर खाडीत आहेत. चौलचे सर्वांत प्राचीन अवशेषही पुळणीवर न सापडता आतल्या बाजूला, नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली सापडतात.

खाडी बंदराचे काम कसे करते

भरतीचे पाणी नदीच्या मुखातून कित्येक किलोमीटर आत शिरते. शिडाची गलबते त्या पाण्याबरोबर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. आतल्या संथ पाण्यात वादळापासून आसरा मिळे. ओहोटीच्या वेळी मऊ चिखलात टेकलेल्या गलबताची डागडुजी करता येई. या सोयीतच एक दोष दडलेला आहे. कुंडलिका सह्याद्रीतून थोड्याच अंतरात खाली उतरते आणि पावसाळ्यात भरपूर गाळ आणते. मुखाशी भरतीचा जोर आणि नदीचा जोर समोरासमोर आले की प्रवाह मंदावतो व गाळ खाली बसतो. जहाजे लहान होती तोवर हे चालून गेले. पुढे जहाजांची बूड खोल होत गेली, जवळच मुंबईचे विस्तीर्ण आणि खोल बंदर उभे राहिले आणि चौलचा व्यापार तिकडे सरकला.

चेमुल ते चौल

कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत चेमुलच्या, म्हणजे चौलच्या, दात्यांचा उल्लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत कल्याणनंतरची बाजारपेठ म्हणून याच बंदराचे नाव येते. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने तर येथे जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांकडून माहिती घेतल्याचे नमूद केले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. सुमारे दहा हजार मुसलमान या नगरात राहतात असे त्याने लिहिले. १४६९च्या सुमारास रशियातील त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितीन घोडा घेऊन याच बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे.

ग्रंथांतील या नोंदींना मातीतून पुष्टी मिळणे महत्त्वाचे होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलमध्ये केलेल्या उत्खननामुळे सातवाहन काळातील वस्ती आणि बंदराचा पुरावा हाती आला. खापरांचे तुकडे दिसायला क्षुल्लक असतात, पण बंदराचा काळ ठरवण्यात त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

घाटापलीकडचा माल

बंदर एकट्याने जगत नाही. मागच्या प्रदेशातून माल उतरला तरच जहाजे येतात. सह्याद्रीतील घाटवाटांनी दख्खनचे पठार कोकणच्या खाड्यांशी जोडले होते, आणि त्या वाटांवरच लेणी कोरली गेली. १९३८ मध्ये इटलीतील पोम्पेई येथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पोम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा मूर्ती त्याआधीच तिथे पोचली असली पाहिजे. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. भोकरदनचे उत्खनन १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केले होते. उलट दिशेने आलेली, समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. पठार आणि बंदर यांचे हे नाते पुढेही टिकले, फक्त बंदर बदलले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंदमापी लोहमार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला.

आगरकोट

रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाला आगरकोट म्हणतात. निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १५२४ मध्ये पुरे झाले. त्याआधी मार्च १५०८ मध्ये याच खाडीत मोठे नाविक युद्ध झाले होते. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगिजांचा पराभव केला, आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. मामलुकांच्या जहाजांचे लाकूड भूमध्य समुद्रामार्गे आणून सुएझला जोडले होते. भूमध्य समुद्रातील व्यापारी सत्तांचा मसाल्याच्या व्यापारासाठीचा झगडा असा थेट कुंडलिकेच्या मुखाशी येऊन लढला गेला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने कोटाला दिलेला वेढा निष्फळ ठरला. मराठ्यांच्या ताब्यात तो १७४० मध्ये आला.

आज हमरस्ता कोटाची भिंत ओलांडूनच गावात शिरतो. आत घरे, शाळा, विहिरी आणि वाड्या आहेत. नारळाच्या रांगांमध्येच चर्चच्या छप्पर गेलेल्या भिंती आणि कमानी उभ्या दिसतात. सातखणी नावाचा मनोरा सर्वांत उठून दिसतो. त्याचे वरचे खण ढासळले आहेत, पायथ्याशी जुन्या तोफा पडल्या आहेत. समुद्राकडच्या तटाला लागूनच पुळण सुरू होते. तटाचा काळा कातळ नीट पाहिला तर दगड खाऱ्या वाऱ्याने आत आत झिजलेला आणि दगडांमधला चुना मात्र जसाचा तसा राहिलेला दिसतो.

चौलची मंदिरे, कोर्लईची भाषा

चौलच्या रामेश्वर मंदिरापुढे पुष्करणी आहे, आणि मंडपाच्या भूमीखाली पर्जन्यकुंड, वायुकुंड व अग्निकुंड झाकलेली आहेत. अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा होती. जवळच्या टेकडीवर हिंगलाजदेवीचे स्थान व लेणी, तर दुसऱ्या टेकडीवर दत्तमंदिर आहे. रेवदंड्यात बेने इस्रायल ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक कोकणात शनवारतेली म्हणून ओळखले जात.

खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये जिंकला. अरुंद डोंगरधारेवर एकामागून एक दरवाजे असलेला हा किल्ला खाडीचे मुख आणि समुद्र दोन्हींवर नजर ठेवतो. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा आजही घरात बोलतात. कोट ढासळत असताना सुमारे हजार माणसांच्या तोंडी ही भाषा टिकून आहे, आणि या परिसरातला सर्वांत जपण्याजोगा वारसा बहुधा तोच असावा.

पुळण आणि भरतीचे गणित

नागाव, आक्षी, रेवदंडा येथील वाळू करडी आहे, कारण तिच्यात सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे कण आहेत. दक्षिणेकडील काशीदची वाळू फिकट आहे. आक्षी येथे शिलाहार काळातील शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, हे वाचन ग्राह्य धरले तर तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत मोडतो. काही अभ्यासक त्याचा काळ नंतरचा मानतात.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, ओहोटी. दुसऱ्या पंधरवड्यात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजतात. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला सर्वांत कमी फरक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर हेच गणित उपयोगी पडते. मात्र ते अंदाजापुरतेच आहे. वारा आणि पाऊस ते बिघडवतात, म्हणून नेमक्या वेळेसाठी स्थानिक कोळ्यांचा शब्द प्रमाण मानावा. ओहोटी लागल्यावर खाडीच्या मुखाशी पाण्याला समुद्राकडे मोठी ओढ असते, त्यामुळे तिथे पोहणे धोक्याचे आहे.

यवतमाळहून मार्ग

जवळचे मोठे रेल्वे स्थानक धामणगाव, मुंबई-नागपूर मार्गावरचे. कल्याणला उतरून पनवेल, पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठता येते. मुंबईपर्यंत गेल्यास गेटवेहून मांडव्याला लाँच मिळते, तर भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२०पासून वाहने नेणारी रो-रो बोट सुरू आहे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. अलिबागहून रेवदंड्याला एसटी जाते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलची यात्रा भरते. त्या दिवसांत मंदिरे आणि बाजार गजबजलेले असतात, अवशेष निवांत पाहायचे असतील तर यात्रा उलगडल्यानंतरचे पौष-माघ अधिक सोयीचे.