चाळीस पैशांची मोड

गिऱ्हाइकाला मोड परत करताना ती कमीत कमी नाण्यांत कशी द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु संगणकासाठी आज्ञावली लिहू लागणाऱ्या विद्यार्थ्यांस हे कोडे आवर्जून घातले जाते, व पुष्कळजण त्यात फसतात.

आपण सहजगत्या वापरतो ती रीत अशी : रकमेत मावेल असे सर्वांत मोठे नाणे प्रथम घ्यावे, उरलेल्या रकमेसाठी पुन्हा तसेच करावे. समोरचा मोठा घास आधी घ्यावयाचा आणि उचललेले नाणे परत ठेवावयाचे नाही, म्हणून हिला ‘लोभी रीत’ म्हणतात.

आजच्या १, २, ५, १० व २० रुपयांच्या नाण्यांना ती अचूक लागू पडते. अठ्ठावीस रुपयांसाठी २०, ५, २ व १ अशी चार नाणी लागतात. तीन नाण्यांत ती रक्कम साधत नाही.

आता आपल्याच देशातील जुनी नाणी पाहा. १९५७ साली दशमान पद्धती आली, तेव्हा ५, १० व २५ पैशांची नाणी निघाली. १९६८ साली त्यांत २० पैशांच्या नाण्याची भर पडली. चाळीस पैशांसाठी लोभी रीत आधी २५, मग १०, मग ५ उचलील. म्हणजे तीन नाणी. वस्तुतः विसाची दोनच पुरतात! संगणक मात्र हे चुकीचे उत्तरही तितक्याच निःशंकपणे देतो.

हा भेद का पडावा? आजच्या नाण्यांत दोन एकांऐवजी एक दोन, दोन पाचांऐवजी एक दहा, दोन दहांऐवजी एक वीस देता येतात. तीन दोनांऐवजी पाच व एक, आणि दोन, दोन व एक यांऐवजी एक पाच देता येतो. म्हणून उत्तम उत्तरात पाचांहून लहान नाण्यांची बेरीज चाराच्या, दहांहून लहानांची नवाच्या व विसांहून लहानांची एकोणिसाच्या वर जात नाही. अर्थात मोठे नाणे घेण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. जुन्या नाण्यांत मात्र दोन विसांऐवजी पंचवीस घेतल्यास उरलेले पंधरा एका नाण्याने भागत नाहीत. तेथे पाच पैशांपासून चढत्या क्रमाने प्रत्येक रकमेचे उत्तम उत्तर टिपीत जावे, व पुढचे उत्तर मागच्यांवरून काढावे. श्रम अधिक, पण उत्तर खात्रीचे.

विद्यार्थी मित्रांनो, दहा उदाहरणे जुळली म्हणून रीत सिद्ध होत नाही. ती का जुळते हे सांगता आले, तरच तिच्यावर विसंबावे.