बेचाळीस अंशांतलं मिक्सिंग

वैशाखात नंदुरबार जिल्ह्यात पारा आणि लगीनसराई एकाच वेळी टिपेला पोहोचतात. शहादा-तळोद्याकडे तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातं आणि त्याच आठवड्यांत शूटिंगवाल्यांच्या दुकानात मेमरी कार्डांची रांग लागते. दिवसभर हळद, मांडव, वरात, रात्री मिक्सिंग, म्हणजे क्लिपांची कापाकापी आणि जोडणी. वर्षभर निमूट चालणारा संगणक नेमका याच दिवसांत अडखळायला लागतो. टाइमलाइन सरकत नाही, चित्र थांबून थांबून पुढे जातं, रेंडर अर्ध्यावर लटकतो. मग निदान ठरलेलं असतं : ‘डबा जुना झाला, नवीन घ्यायला पाहिजे.’

बहुतेक वेळा डबा जुना झालेला नसतो, तापलेला असतो.

प्रोसेसरला सोसेल अशी कमाल मर्यादा साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते. ती जवळ आली की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. पंखा खोलीतलीच हवा प्रोसेसरवर फिरवतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत जो संगणक पंचाहत्तर अंशांवर रेंडर काढतो, तोच तळोद्यात पत्र्याच्या छताखाली नव्वदीच्या पुढे जातो. यंत्र तेच, किंमत तीच, काम मात्र कमी. यूट्यूबवर नवनव्या प्रोसेसरांच्या चाचण्या पाहून यंत्र निवडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्या चाचण्या धडगावच्या मे महिन्यात घेतलेल्या नसतात.

त्यात खानदेशात घरोघरी पाण्याचा कूलर. माणसाला त्याचा आधार असतो, म्हणून टेबलाजवळ त्याचं तोंड वळवलं जातं आणि दमट हवेचा झोत थेट कॅबिनेटमध्ये शिरतो. आत धूळ असतेच. ओल लागली की ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिखलासारखी बसते आणि वाळून घट्ट होते. नंदुरबार शहरात मिरचीच्या हंगामात भर निराळीच. बाजार समितीत मिरचीची आवक सुरू झाली, पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की त्या परिसरातल्या हवेतच तिखट उतरतं. अशा भागातलं कॅबिनेट उघडताना तोंडाला रुमाल बांधलेला बरा.

देखभालीचं खरं काम इथूनच सुरू होतं आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. हंगामाआधी एकदा आणि हंगामात दर पंधरवड्याला कॅबिनेट बाहेर नेऊन ब्लोअर मारावा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर वाऱ्याने पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट दोन-तीन वर्षांत सुकते. ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावावी. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये, देवघराच्या कोनाड्यात तर नकोच. कूलर हवा असेल तर त्याचं तोंड माणसाकडे ठेवावं आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे ओल बाहेर जाते. तापमान दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. रेंडर चालू असताना आकडा नव्वदच्या वर दिसला तर नवा प्रोसेसर बघायला जाण्याआधी ब्लोअर घ्यावा.

पण सगळा दोष उन्हावरही घालता येत नाही. व्हिडिओ हे कामच मुळात जड आहे. फोर-के चित्राच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एकेका फ्रेमला फक्त ४० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ती डिस्कवरून वाचायची, उलगडायची, तिच्यावर रंग आणि अक्षरं चढवायची आणि पडद्यावर टाकायची. उलगडणं हाच यातला सर्वांत किचकट भाग. आजचे कॅमेरे आणि मोबाइल एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने चित्र दाबून ठेवतात. त्यात काहीच फ्रेम पूर्ण असतात. बाकीच्यांत आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढीच नोंद असते. सरळ पाहताना हे चालून जातं. मिक्सिंग करणारा मात्र मागेपुढे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून पुन्हा हिशेब मांडत यावं लागतं.

मिनी डीव्ही टेपच्या काळात हा त्रास नव्हता. टेपमधलं चित्र सेकंदाला २५ मेगाबिटच्या ठरावीक वेगाने यायचं, तासाला साधारण १३ जीबी, आणि त्यातली प्रत्येक फ्रेम पूर्ण असायची. फायरवायरची तार, कॅनोपस या जपानी कंपनीचं कार्ड आणि तिचंच एडियस हे सॉफ्टवेअर, एवढ्यावर लग्नाच्या फिल्मचा धंदा कितीतरी वर्षं सुखाने चालला. एडियस आजही लग्नवाल्यांच्या दुकानांतून गेलेलं नाही, तयार ‘प्रोजेक्ट’ विकत घेऊन त्यात फोटो आणि क्लिपा भरण्याची रीतही तशीच आहे. बदललं ते कॅमेऱ्यातून येणारं चित्र. १०० मेगाबिटने चित्रीकरण करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी, आणि ९० मेगाबाइटच्या वेगाने कार्डं रिकामी करायलाच पावणेदोन तासांच्या आसपास लागतात.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रॉक्सी, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. मूळ क्लिपांच्या लहान, हलक्या प्रती करायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटचा रेंडर मूळ क्लिपांवरून काढायचा. रात्री झोपताना प्रॉक्सी लावून दिल्या तर सकाळी आठ-दहा वर्षांचा संगणकही सुरळीत चालतो. एडियस, प्रीमियर, डाविंची रिझॉल्व्ह या सगळ्यांत ही सोय आहे. ‘त्यात वेळ जातो’ ही तक्रार मला पटत नाही. अडखळत्या टाइमलाइनवर जाणारा वेळ कुणी मोजत नाही इतकंच.

मोबाइलच्या चित्रीकरणात आणखी एक खोड असते. उजेड कमी-जास्त झाला की मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच बदलतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीचं चित्रीकरण बघा. रात्रभर अंधार आणि उजेडाचा खेळ, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले बुध्या, आणि मोठमोठे ढोल. अशी क्लिप थेट टाइमलाइनवर टाकली की थोड्या वेळाने काठी ढोलावर आधी पडते आणि आवाज मागून येतो. दोष संगणकाचा नसतो. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप ठरावीक वेगाची करून घेतली की ढोल ताळ्यावर येतो.

आता पैसे खर्च करण्याकडे वळू. आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी. जुनी फिरती डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या आसपास देते आणि इकडेतिकडे उड्या मारताना त्याहून कितीतरी कमी. साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे देते. विंडोज एका एसएसडीवर, चालू काम दुसरीवर, झालेलं काम फिरत्या डिस्कवर. एसएसडी काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. मग रॅम : १६ जीबीखाली फोर-केच्या नादी लागू नये, ३२ असेल तर उत्तम, आणि एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण कारखान्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे जुन्या यंत्रातली चालू पट्टी भंगारात देऊ नका.

प्रोसेसर घेताना एका अक्षराकडे लक्ष द्यावं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो तो थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, आणि त्याच्यासोबत एच.२६४-२६५ उलगडणारी क्विक सिंक ही सोयही जाते. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, मिक्सिंगवाल्याला पडतो. नव्या कॅमेऱ्यांत ‘दहा बिट, ४:२:२’ असं चित्र निघतं. एच.२६५मधलं हे चित्र इंटेलचं अकराव्या पिढीपासूनचं अंगभूत ग्राफिक्स सहज उलगडतं. एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांना मात्र ते २०२५मध्ये आलेल्या ५० मालिकेपर्यंत जमत नव्हतं. ग्राफिक्स कार्ड लागतं ते रंगकामाला, अंधारातल्या चित्राचे दाणे काढायला, मोठ्या इफेक्टना. माझ्या यादीत ते शेवटी येतं, दुकानदाराच्या यादीत पहिलं.

नवं यंत्र परवडत नसेल तर सुरतेचा बाजार नंदुरबारहून रेल्वेने तीन-चार तासांवर आहे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड एका रात्रीवर. अशा बाजारांत कचेऱ्यांमधून निघालेले वापरलेले संगणक स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, दोन गोष्टी बघून. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, कारण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ त्याखालच्या पिढ्यांना अधिकृतपणे घेत नाही. आणि मोठ्या कंपन्यांच्या अशा डब्यांत एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्यांच्याच मापाचा, कमी ताकदीचा असतो. नंतर ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलं तर तिथे गाडी अडते.

एसएमपीएसवरून विजेकडे यावंच लागतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी हा विषय लहान नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे अनेकांना संगणकाचं लक्षणच वाटतं. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांच्या आत असायला हवा. बाजारात सरसकट मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. रेंडरच्या वेळी ग्राफिक्स कार्डाने जोर लावला आणि तेवढ्यात वीज गेली तर तो डब्यासकट बंद पडतो. संध्याकाळी दाब खाली जाणाऱ्या गावात लाइन-इंटरॅक्टिव्ह, हजार व्हीएचा यूपीएस आणि नावाजलेला एसएमपीएस हाच पहिला खर्च. एसएसडीचाही नंबर त्यानंतर. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावून ठेवावा, त्याला पैसे पडत नाहीत.

इतका खटाटोप न करताही काम होतं, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. धडगाव परिसरातल्या तरुणांच्या ‘आदिवासी जनजागृती’ या गटाने मोबाइल हेच साधन मानून पावरी, भिलोरी या बोलींत व्हिडिओ केले. गावचे प्रश्न मांडले आणि कोरोनाकाळात आजार-लसीबद्दलच्या अफवा लोकांच्या भाषेत खोडून काढल्या. जिथे सेकंदाला दोन मेगाबिटने अपलोड चालतं तिथे एक जीबीची फाइल चढवायला तासाहून जास्त लागतो. अशा ठिकाणी फोर-केचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. हजार-ऐंशीची नीट कापलेली, स्पष्ट आवाजाची फिल्म पाड्यावर बसून मोबाइलवर बघणाऱ्याला पुरते.

राहिला साठवणीचा प्रश्न, आणि इथे आपल्याकडचे बहुतेक मिक्सिंगवाले नापास आहेत. लग्नं, होळ्या, भोंगऱ्या बाजार, मावची-पावरी-अहिराणीतली गाणी यांचं या जिल्ह्यातलं कितीतरी चित्रीकरण दुकानांच्या फळ्यांवरच्या हार्ड डिस्कांत पडून आहे, आणि बहुतेकांची दुसरी प्रत नाही. फिरती डिस्क कायमची टिकत नाही. दहा अंशांनी गार खोलीपेक्षा किंवा नव्या कार्डापेक्षा आधी एक दुसरी डिस्क घ्या. सगळं तिच्यावर उतरवा, ती दुसऱ्या घरी ठेवा, आणि वर्षातून एकदा लावून फाइली उघडतात का ते पाहा. लगीनसराई सुरू होण्याआधी हे काम उरकता येईल.