बुरशी : वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची

२०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले आणि अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. वास्तविक काळा पडतो तो रुग्णाच्या शरीराचा भाग. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि तेथील ऊती मरतात. नाव मात्र रूढ झाले ते झालेच. जिवाणूंवर ढीगभर प्रतिजैविके असताना बुरशीवर औषधे मोजकीच का, याचे उत्तर तिच्या वर्गीकरणात आहे.

जागची हलत नाही, मातीतून उगवते, एवढ्यावरून बुरशीची गणना दीर्घकाळ वनस्पतींत होत असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यात बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली. तिच्यात हरितद्रव्य नाही. पेशीभित्तिका कायटिनची, म्हणजे झुरळाच्या कवचात असते त्याच द्रव्याची. साठवणही स्टार्चची नव्हे, तर आपल्या यकृतात असते तशी ग्लायकोजेनची. पुढे जनुकीय अभ्यासातून ती प्राण्यांची जवळची नातलग ठरली. अडचण येथेच आहे. अॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला धरते. आपले कोलेस्टेरॉल त्याच्याशी मिळतेजुळते असल्याने मूत्रपिंडांनाही झळ बसते.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला याच वर्गीकरणाचा वेगळा अनुभव येतो. भुरी आणि केवडा हे दोन्ही रोग बुरशीचेच समजले जातात. भुरी ही खरी बुरशी. केवड्याचा जीव मात्र नात्याने तपकिरी शैवालांजवळचा, त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची. त्यामुळे एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखणारी जी औषधे भुरीवर चालतात, ती केवड्यावर निष्प्रभ ठरतात. चुकीच्या फवारणीचा खर्च अर्थातच शेतकऱ्याच्या माथी.

पुनरुत्पादनाच्या बाबतीत बुरशीइतका उधळा जीव विरळा. शिळ्या पावावरील पांढऱ्या जाळ्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात, त्या बीजाणूंच्या पिशव्या. ती फुटली की हवेवर पसरलेला प्रत्येक बीजाणू नवे जाळे विणू शकतो. ही ऱ्हायझोपस बुरशी. म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण याच प्रजातीतील भाऊबंदांमुळे आजारी पडतात. निरोगी माणूस हे बीजाणू रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही. लैंगिक पुनरुत्पादनही होते, पण नर-मादी असा भेद नसतो. 'अधिक' व 'उणे' अशा दोन प्रकारांचे तंतू एकमेकांना भिडून जाड कवचाचा बीजाणू तयार होतो. अळंबीची छत्री हेही बीजाणू उधळण्याचेच साधन. मूळ जीव जमिनीखाली तंतूंच्या रूपात असतो. यीस्टला एवढा खटाटोप लागत नाही. ते मुकुलनाने वाढते व आपला पाव फुगवते.

उपयोगांत मानाचे पान अर्थात पेनिसिलिनचे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते १९२८ मध्ये दिसले. पण भरपूर उत्पादन देणारी बुरशी १९४३ मध्ये अमेरिकेत पिओरिया येथे एका खरबुजावर सापडली. भारतात ते बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञांनी पुढे पिंपरीच्याच मातीतील जिवाणूपासून हॅमायसिन हे औषध शोधले. ते होते बुरशीवरचे.