बोटाखालची बाराखडी

नांदेड-लातूरकडील कितीतरी तरुण पोटापाण्यासाठी पुण्यास जातात. माझ्या परिचयाच्या नांदेडच्या एका माउलीचा मुलगाही असाच गेला. तो भ्रमणध्वनीवरून मराठी निरोप धाडी, पण रोमन लिपीत. आईस ओळख होती ती देवनागरीची. त्यामुळे मुलाच्या दुखण्याखुपण्याची वार्तासुद्धा तिला शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. त्यातही 'के', 'ए', 'एल' या तीन रोमन अक्षरांचा अर्थ 'काल' समजावा, 'काळ' की 'कळ', हे शेजाऱ्यासही उमगेना!

मग मुलगा देवनागरीत का लिहीत नसे? आपल्या लिपीत स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे असा मोठा परिवार आहे. इंग्रजीसाठी घडविलेल्या कळफलकावर तो बसविला, की कोणते अक्षर कोठे दडले आहे, हे पाठच करावे लागते. नवख्याचा धीर तेथेच सुटतो.

माणसाला संगणकाशी सहज व्यवहार कसा करता येईल, याचा शोध घेणारे एक शास्त्र आहे. मुंबईच्या आय. आय. टी. या संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी याच शास्त्राचे अभ्यासक. त्यांनी २०१३ साली 'स्वरचक्र' हा कळफलक लोकांच्या हाती दिला. त्यावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. 'क'वर बोट ठेवताच त्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमटते. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवावे, की ते लिहिले जाते. (बाराखडीच्या घोकंपट्टीस हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे!)

त्या मुलाने स्वरचक्रावर पहिला निरोप लिहिला : "आई, ताप उतरला. काळजी करू नकोस."

आईने चष्मा लावला आणि तो एकटीनेच वाचला.