दूरध्वनीवरून आकाशवाणीस प्रश्न विचारताना

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला, तेव्हा गावकऱ्यांचे प्रश्न टपालाने जात. थेट कार्यक्रमात आता कोनचा शेतकरी भातावरील करप्याविषयी दूरध्वनीवरून तज्ज्ञास विचारू शकतो.

दूरध्वनीच्या तारांच्या एकाच जोडीतून दोघांचेही आवाज वाहतात. केंद्रातील 'हायब्रिड' हे यंत्र (बियाण्याशी याचा संबंध नाही) ते वेगळे करते. शेतकऱ्याचा आवाज प्रक्षेपणाकडे जातो. त्याच्याकडे मात्र स्वतःचा आवाज वगळून उरलेले बोलणे येते.

शेजारी रेडिओ चालू असल्यास त्यातील आवाज पुन्हा दूरध्वनीत शिरून घुमतो. अशा वेळी औषधाचे प्रमाण चुकीचे ऐकू आल्यास हातचे पीक जाण्याचा संभव असतो. तरी बोलण्यापूर्वी रेडिओ बंद करावा, सांगितलेले प्रमाण लिहून घ्यावे व तज्ज्ञास वाचून दाखवावे.