स्थानिक हवामान अंदाज आणि असामान्य मेघप्रकार : कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसापूर्वी कोल्हापूरच्या आकाशात कधी कधी चमत्कारिक आकाराचे ढग दिसतात. त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरतात आणि त्यांबरोबर ढगफुटीच्या अफवाही पसरतात. जुलै-ऑगस्टमधील एकसारख्या करड्या ढगांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः जिल्ह्यातील महापूर मुख्यतः या करड्या ढगांच्या पावसाने येतात. ढगाचे रूप व त्यापासून संभवणारा धोका यांचा संबंध स्पष्ट करणे आणि त्या आधारे स्थानिक अंदाज कसा वाचावा याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मेघांचे वर्गीकरण :
ल्यूक हॉवर्ड यांनी 1802 साली लंडन येथे ढगांना तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ व वर्षामेघ अशी नावे दिली. जागतिक हवामान संघटना आज ढगांचे दहा मुख्य प्रकार मानते. असामान्य दिसणारा ढग हा बहुधा या दहांपैकीच एखाद्याचे विशेष रूप असतो. समुद्राच्या खवळलेल्या पृष्ठभागासारखे दिसणारे ‘अ‍ॅस्पेरिटास’ हे रूप संघटनेच्या मेघकोशात 2017 साली समाविष्ट झाले. त्यापासून स्वतंत्र असा धोका संभवत नाही.

वळवाचे ढग :
वळवाचा पाऊस उंच वाढणाऱ्या गर्जन्मेघातून पडतो. या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीलगत पुढे पसरते व समोरची उष्ण, दमट हवा वर उचलते. त्यातून फळीसारखा लांब, काळसर ‘शेल्फ’ ढग तयार होतो. तो दिसल्यानंतर काही मिनिटांतच सोसाट्याचा वारा सुटतो. म्हणून ही निर्वाणीची सूचनाच समजावी. गर्जन्मेघाच्या ऐरणीसारख्या पसरट माथ्याखाली थंड हवा गोळ्यागोळ्यांनी उतरते, तेव्हा लोंबत्या पिशव्यांसारखे ‘मॅमॅटस’ ढग दिसतात. ते भयावह दिसले तरी पाऊस त्यांतून पडत नाही. मात्र जवळपास गर्जन्मेघ असल्याचे ते लक्षण असल्याने विजेचा धोका राहतो. अशा वेळी झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आश्रय घेणे हितावह ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन परिसरातील विजांची सूचना देते.

महापुराचे ढग :
नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात व घाटमाथ्यावर दिवसेंदिवस पाऊस पडतो. गगनबावड्यात वर्षाला सुमारे 5000 मि.मी. वा त्याहून अधिक, कोल्हापूर शहरात सुमारे 1000 मि.मी., तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात जेमतेम 500 मि.मी. पाऊस पडतो. तरीही पंचगंगा व कृष्णा यांचा संगम शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे असल्याने पुराचा मोठा तडाखा याच तालुक्याला बसतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फूट 7 इंचांपर्यंत, तर जुलै 2021 मध्ये 56 फूट 3 इंचांपर्यंत चढले. त्यामुळे डोक्यावरचे आकाश पाहून शिरोळच्या रहिवाशास पुराचा अंदाज बांधता येत नाही; त्यासाठी पश्चिमेकडील पाऊस, धरणांतील विसर्ग व बंधाऱ्याची पातळी पाहावी लागते.

अंदाजाचे वाचन :
हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस, तर ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून अधिक व तीन चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस. चोवीस तासांत 64.5 मि.मी. पासून ‘जोरदार’, 115.6 मि.मी. पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 मि.मी. पासून ‘अत्यंत जोरदार’ अशी वर्गवारी आहे. तुरळक ठिकाणी पावसाचा अंदाज असताना आपल्या गावी पाऊस झाला नाही, म्हणून अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. इशारा घाटक्षेत्रासाठी आहे की उर्वरित जिल्ह्यासाठी, हेही पाहणे अगत्याचे आहे.

अंदाजालाही मर्यादा आहेत. पणजीचे डॉप्लर रडार हवाई अंतराने सुमारे 140 कि.मी. दूर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा किरणही कोल्हापूरवर सुमारे दोन कि.मी. हून अधिक उंचीवरून जातो. साहजिकच मोसमी ढगांचा खालचा भाग निसटतो. 26 मे 2025 रोजी कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 6 कि.मी. च्या जाळीवर अंदाज देते. तथापि एकेका वळवाच्या ढगाचा विस्तार काही किलोमीटरच असल्याने तो नेमका कोणत्या गावावर बरसेल, हे आदल्या दिवशी सांगणे कठीणच राहते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, विलक्षण आकाराचा वळवाचा ढग हा अल्पकालीन व मर्यादित क्षेत्रातील धोका दर्शवितो, तर घाटावर रेंगाळणारा रूपहीन ढग दूरवरच्या गावांनाही संकटात टाकतो. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी पर्जन्यमापकाच्या दैनंदिन नोंदीसोबत ढगाचा प्रकार, दिशा व वेळ यांचीही नोंद ठेवल्यास तालुकानिहाय अंदाजाची पडताळणी शक्य होईल. तसेच छायाचित्र पुढे पाठविण्यापूर्वी ढग ओळखण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल.